गटाचे तीन हजार आणि एक झूम लेन्स

 मी दिघीहून बोलतेय. आमच्या भागातल्या बचत गटांचं समन्वयाचं काम मी करते. कर्जाचे अर्ज बघणं, हप्त्यांचा हिशोब ठेवणं, कुणी नवा धंदा काढत असेल तर तिच्यासोबत बाजारात जाणं, ही माझी कामं. आज मी तुम्हाला कॅमेऱ्याच्या लेन्सविषयी सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, पापड-लोणची, शिलाई, शेळीपालन सोडून हे काय मध्येच? पण यात गटाचे पैसे गेले होते, आणि ते माझ्या चुकीने गेले होते. म्हणून सगळं सविस्तर सांगते.

आमच्या गटातल्या एका ताईचे यजमान फोटोग्राफर होते. ते अचानक गेले. घरात राहिला निकॉनचा एफएम१० कॅमेरा, एक फ्लॅश आणि लेन्सचा मोडका तुकडा. कॅमेऱ्यासोबत ३५-७० ची लेन्स होती, ती पडून जाम झाली होती. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, याचा सुटा भाग मिळत नाही. ताईंना यजमानांच्या हाताखाली काम करून रोल भरणं, उजेड बघणं, फोकस लावणं हे सगळं येत होतं. आमच्याकडे डोहाळजेवण, बारसं, हळदीकुंकू अशा बायकांच्या कार्यक्रमात बाई फोटो काढायला आली तर सगळ्यांनाच मोकळं वाटतं. म्हणजे काम होतं, हातात कसब होतं, नव्हती ती फक्त लेन्स.

कॅमेऱ्याच्या कंपनीचीच नवी लेन्स घेणं परवडणारं नव्हतं. मग कळलं की दुसऱ्या कंपन्याही लेन्स बनवतात. कुकर एका कंपनीचा आणि रिंग दुसऱ्या कंपनीची, हे आपण रोज करतोच. तसंच हे. टॅमरॉन, सिग्मा, टोकिना या जपानी कंपन्या निकॉन, कॅनन अशा वेगवेगळ्या कॅमेऱ्यांवर बसतील अशा लेन्स करतात. टॅमरॉन १९५० पासून आहे, सिग्मा १९६१ पासून. व्हिव्हिटार हे नावही जुन्या बाजारात दिसतं. ती अमेरिकन कंपनी, पण तिच्या लेन्स जपानमधल्या निरनिराळ्या कारखान्यांतून बनून येत. त्यामुळे एकाच नावाखाली चांगलीही मिळते आणि सुमारही मिळते. नुसतं नाव वाचून भुलू नये.

आमची पहिली चूक तिथेच झाली. आषाढीची वारी जवळ आली होती. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून प्रस्थान ठेवते आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दिघीवरून पुण्याला जाते. रस्त्याच्या कडेला उभं राहून लांबून रथ, दिंड्या, तुळस घेतलेल्या बायका यांचे फोटो काढू, असं ताईंच्या मनात होतं. मी बीए झालेली, चार अक्षरं वाचता येतात, म्हणून गटाने मलाच सोबत पाठवलं. एका पथारीवर ७०-३०० ची झूम लेन्स दिसली. दीड हजार रुपये. मोठी, जड, दिसायला नवीकोरी. कॅमेऱ्यावर लावली तर टक्कन बसली. डोळा लावला तर लांबची पाटी वाचता आली. आम्ही पैसे मोजून मोकळ्या झालो.

पालखी आली, ताईंनी ३६ फोटोंचा अख्खा रोल काढला. रोल धुऊन आला तर सगळे फोटो काळेठिक्कर. विक्रेत्याने लेन्स परत घेतली नाही, पावती आमच्याकडे नव्हतीच. त्या दीड हजारांतले निम्मे मी भरले, निम्मे ताईंनी भरले. त्यानंतर मी दुरुस्तीवाल्यांकडे बसून, विचारून, समजून घेतलं. ते आता तुम्हाला सांगते.

आधी झूम म्हणजे काय ते बघू. लेन्सवर मिलिमीटरचा आकडा असतो. आकडा लहान तर जास्त रुंद भाग फोटोत येतो, आकडा मोठा तर लांबचं जवळ दिसतं. झूम लेन्समध्ये हा आकडा फिरवून किंवा सरकवून बदलता येतो. २८-७० लिहिलं असेल तर २८ पासून ७० पर्यंत.

हे आकडे आपल्या घराच्या मापात आणू. दहा फुटांच्या खोलीत भिंतीला पाठ लावून समोरच्या बायकांचा फोटो घ्यायचा आहे. ३५ मिमीच्या नेहमीच्या रोलवर, दहा फुटांवरून आडव्या फोटोत २८ च्या आकड्याला साधारण १३ फूट रुंदी मावते. ३५ ला १० फूट, ५० ला ७ फूट आणि ७० ला ५ फूट. म्हणजे २८ वर आठेक बायका आरामात बसतात, ७० वर तीनच. उलट, एका बाईचा पायापासून डोक्यापर्यंत उभा फोटो घ्यायचा तर ७० वर साधारण साडेअकरा फुटांवर उभं राहावं लागतं आणि २०० वर ३३ फुटांवर. आता सांगा, हळदीकुंकवाला ३३ फूट मागे जायला जागा कुणाच्या घरात आहे? आमची ७०-३०० चांगली निघाली असती, तरी वर्षातून एक दिवस उपयोगी पडली असती. ताईंना पैसे मिळणार होते ते दहा बाय दहाच्या खोल्यांतून.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा, की पैसे कुठल्या कामाचे मिळणार? घरगुती कार्यक्रम असतील तर २८-७० किंवा २८-८०. मैदानावरचे खेळ, शाळेचं संमेलन, मिरवणूक असेल तर ७०-२१०. काही जण २८-२०० अशी एकच लेन्स घ्यायला सांगतात. टॅमरॉनने १९९२ मध्ये तशी काढली आणि ती खूप गाजली. एकीत सगळं भागतं हे खरं. पण त्या सुरुवातीच्या लेन्सचा फोकस साधारण दोन मीटरच्या आत, म्हणजे साडेसहा फुटांच्या आत लागत नाही. बारशाला पाळण्यातल्या बाळाचा चेहरा जवळून घ्यायचा तर अडचण होते.

दुसरा आकडा उजेडाचा. लेन्सवर १:३.५-४.५ किंवा १:४-५.६ असं काहीतरी छापलेलं असतं. लेन्सच्या आत पात्यांचं एक छिद्र असतं, त्याला ॲपर्चर म्हणतात. ते पूर्ण उघडल्यावर किती मोठं होतं ते या आकड्यावरून कळतं. आकडा लहान तितकं छिद्र मोठं आणि उजेड जास्त. २, २.८, ४, ५.६, ८ या क्रमात एकेक पायरी पुढे गेलं की उजेड निम्मा होतो. म्हणजे २ वर जेवढा उजेड येतो त्याच्या आठवा हिस्साच ५.६ वर येतो. बऱ्याच झूम लेन्सवर दोन आकडे असतात, कारण लांबचं बघायला फिरवलं की उजेड कमी होतो. पहिला आकडा रुंद बाजूचा, दुसरा लांबच्या बाजूचा.

याचा व्यवहारात काय फरक पडतो? हातात कॅमेरा धरून फोटो काढताना हात हलतो. लेन्सचा आकडा जेवढा मोठा, तेवढा शटर जलद लागतो. २०० मिमी असेल तर सेकंदाचा किमान २५० वा भाग हवा. पालखीच्या दिवशी दाट ढग असले, रोल १०० चा असला आणि लेन्स ५.६ ची असली तर शटर साधारण सव्वाशेवर ठेवावा लागतो. फोटो हलणारच. तिथे ४०० चा रोल टाकला तर शटर पाचशेवर नेता येतो आणि काम होतं. स्वस्त झूम घेतली की थोडा महागाचा, ४०० चा रोल वापरावा लागतो. हा खर्च आधीच हिशोबात धरा.

घरात आपण फ्लॅश लावतो. फ्लॅशवर गाइड नंबर असतो. समजा १०० च्या रोलला तो मीटरमध्ये २८ आहे. त्याला ॲपर्चरच्या आकड्याने भागायचं. २८ भागिले ५.६, म्हणजे ५ मीटर. तिथवर फ्लॅशचा उजेड पोचतो. खोलीत तेवढं पुरतं, मांडवात पुरत नाही. आणखी एक गोष्ट ताईंनी शिकवली. पुष्कळ साध्या फ्लॅशचा उजेड ३५ मिमीच्या रुंदीपुरताच पसरतो. २८ वर फोटो घेतला तर कडेच्या बायका अंधारात जातात. फ्लॅशपुढे सरकवायची पांढरी पट्टी असेल तर ती लावायची, नाहीतर ३५ वर थांबायचं. २८ वर अगदी कडेला कुणाला बसवूही नये, चेहरा ताणल्यासारखा येतो.

एफएम१० सारख्या हाताने फोकस करायच्या कॅमेऱ्यात मध्यभागी एक गोल असतो. त्यात चित्र दुभंगलेलं दिसतं, फोकस लागला की जुळतं. ५.६ किंवा त्याहून मोठ्या आकड्याच्या लेन्सवर त्या गोलाचा अर्धा भाग काळा पडतो. संध्याकाळच्या कार्यक्रमात मग फोकस लावणं जिकिरीचं होतं. म्हणून पैशांत थोडाच फरक असेल तर ४-५.६ पेक्षा ३.५-४.५ ची घ्यावी.

आता आमचे फोटो काळे का आले ते सांगते. लेन्स कॅमेऱ्यावर जिथे अडकते त्या जोडाला माउंट म्हणतात. प्रत्येक कंपनीचा माउंट वेगळा. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, पेंटॅक्सचा के माउंट १९७५ चा. कॅननने तर १९८७ मध्ये जुना माउंट सोडून नवाच आणला. मिक्सरचं भांडं दुसऱ्या मिक्सरवर बसत नाही, तसंच. आमची लेन्स निकॉनचीच होती, बसलीही. पण तिच्यावर ॲपर्चरची रिंग नव्हती. नव्या कॅमेऱ्यांत ॲपर्चर कॅमेऱ्यातूनच बदलतं, म्हणून नव्या लेन्सवरून ती रिंग काढून टाकली आहे. आमचा कॅमेरा जुन्या पद्धतीचा. रिंग नसली की बघताना सगळं लख्ख दिसतं, पण बटण दाबताच छिद्र अगदी बारीक मिटतं. आम्ही डोळ्याने बघून खात्री केली आणि नेमकं तिथेच फसलो. फिल्म कॅमेऱ्यासाठी लेन्स घेताना माउंटजवळ २२, १६, ११, ८ असे आकडे कोरलेली रिंग आहे का, हे आधी बघा.

दुसरा असाच खड्डा म्हणजे फक्त डिजिटल कॅमेऱ्यांसाठी केलेल्या लेन्स. सिग्मावर डीसी, टॅमरॉनवर डीआय-टू, टोकिनावर डीएक्स अशी अक्षरं असतात. अशा लेन्सचं चित्र लहान पडतं, फिल्मवर फोटोचे चारी कोपरे काळे येतात. ती अक्षरं दिसली की लेन्स खाली ठेवा.

जुनी लेन्स हातात घेतल्यावर काय तपासायचं? एक छोटी बॅटरी सोबत न्या. लेन्सच्या एका बाजूने उजेड टाकून दुसऱ्या बाजूने बघा, मग उलट बाजूने. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आमच्या त्या ७०-३०० मध्ये तीही होती. धुकं साचल्यासारखं दिसलं तरी नको. धुळीचे दोन-चार कण असले तर फोटोत काही फरक पडत नाही. पुढच्या काचेवरचा बारीक ओरखडा चालतो, मागच्या काचेवरचा मात्र चालत नाही.

मग ॲपर्चरची रिंग फिरवून पाती बघा. ती पटकन हलायला हवीत, त्यांवर तेल चकाकत असेल तर पुढे चिकटतात. लेन्स खाली तोंड करून धरा. झूम आपोआप घसरत असेल तर ती ढिली झाली आहे. स्क्रूची डोकी खरवडलेली असतील तर कुणीतरी ती खोललेली आहे, भाव पाडून मागा. आणि पावतीवर आठ दिवसांत परत घेण्याचं लिहून घ्या. लिहून द्यायला तयार नसेल त्याच्याकडून घेऊ नका.

त्या आठ दिवसांत एक रोल तपासणीत घाला. वर्तमानपत्राचं पान भिंतीला सपाट चिकटवा, समोर कॅमेरा पाटावर किंवा स्टँडवर ठेवा. झूमच्या रुंद टोकाला दोन फोटो, लांबच्या टोकाला दोन फोटो. दोन्ही ठिकाणी एक ॲपर्चर पूर्ण उघडून आणि एक ८ वर ठेवून. कुठला फोटो कसा घेतला ते वहीत लिहा. स्वस्त झूममध्ये पूर्ण उघडल्यावर कोपऱ्यांतली अक्षरं थोडी पुसट येतात, ते गृहीत धरायचं. पण ८ वर चारी कोपरे स्वच्छ आले पाहिजेत. एकच बाजू पुसट असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे, परत करा. उरलेल्या रोलवर घरच्यांचे फोटो काढा, वाया काही जात नाही.

हे सगळं शिकून आम्ही परत गटापुढे गेलो. या वेळी मागणी होती तीन हजारांची. बैठकीत एका वयस्कर काकूंनी स्पष्ट विचारलं, "रोलचे दिवस संपत आले, सगळे डिजिटल घेतायत. बुडत्या धंद्यात गटाचा पैसा का घालायचा?" प्रश्न रास्त होता. निकॉननेच २००६ च्या जानेवारीत जाहीर केलं की फिल्मचे बहुतेक कॅमेरे बंद करणार, फक्त एफ६ आणि एफएम१० चालू ठेवणार. पण स्टुडिओवाले डिजिटलकडे वळत होते म्हणूनच त्यांच्या चांगल्या लेन्स स्वस्तात निघत होत्या. ताईंकडे कॅमेरा होता, संगणक नव्हता. मग आम्ही हिशोब मांडला. एका घरगुती कार्यक्रमाचे ताई तेव्हा ९०० रुपये घेत. रोल ९५, धुलाई आणि प्रिंट २०५, अल्बम ६०, फ्लॅशचे सेल ४०. खर्च ४००, उरायचे ५००. तीन हजारांचं कर्ज, महिना दोन टक्के व्याज, दरमहा ५०० मुद्दल. पहिल्या महिन्याचं व्याज ६०, मग ५०, ४०, ३०, २०, १०. सहा महिन्यांत व्याज २१०, एकूण ३,२१०. म्हणजे सहा महिन्यांत सात कार्यक्रम मिळाले की लेन्स फिटली. लग्नसराई धरून तेवढे नक्की होते. त्यापुढे डिजिटल आलं तरी हरकत नाही, असं ठरलं. काकूंनी एक अट घातली, की लेन्स नवीन माणसाने नाही, दुरुस्तीवाल्याने तपासायची. ती अट मला लागली, पण बरोबर होती.

बंद होणाऱ्या एका स्टुडिओतून आम्ही टॅमरॉनची २८-७० घेतली. अ‍ॅडॅप्टॉल-२ पद्धतीची. या पद्धतीत माउंटची रिंग वेगळी असते. निकॉनची रिंग काढून पेंटॅक्सची लावली की तीच लेन्स पेंटॅक्सवर चालते. उद्या कॅमेरा बिघडला आणि दुसऱ्या कंपनीचा स्वस्तात मिळाला तरी लेन्स वाया जात नाही. फक्त घेताना आपल्या कॅमेऱ्याची रिंग सोबत आहे ना ते बघायचं, पुष्कळदा तीच हरवलेली असते. तिच्यावर मॅक्रोची सोयही आहे, लहान वस्तू जवळून घेता येतात. गटाच्या पापडांच्या पाकिटावरचा फोटो ताईंनी याच लेन्सने काढला.

सातव्या महिन्यात कर्ज फिटलं. एक हप्ता चुकला होता, मुलगा आजारी होता म्हणून.

पावसाळ्यात बुरशी पुन्हा येऊ नये म्हणून ताई लेन्स चामड्याच्या पिशवीत ठेवत नाहीत. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवतात. निळे खडे गुलाबी झाले की ते ओलावा पिऊन भरले असं समजायचं, तव्यावर मंद आचेवर गरम केले की पुन्हा निळे होतात. तो तवा मात्र स्वयंपाकाचा नको.

आणि एक सांभाळायचं. आमच्या दिघीत लष्कराच्या हद्दी आहेत, फोटो काढू नये अशा पाट्या आहेत. हातात कॅमेरा असला की त्या पाट्या आधी वाचायच्या. तुमच्याकडे धरण असेल, कारखाना असेल, तिथेही तसंच.

यंदा पालखीला ताईंकडे लांबची लेन्स नव्हती. आम्ही वारकऱ्यांना चहा देत होतो, तिथेच त्या उभ्या राहिल्या. विसाव्याला टेकलेल्या बायकांना विचारून, दहा-बारा फुटांवरून फोटो काढले. परभणीकडच्या एका दिंडीतल्या आजींनी पत्ता लिहून दिला, त्यांना प्रिंट टपालाने पाठवली. रथाचा फोटो काही मिळाला नाही. ७०-२१० साठी ताई आता दरमहा शंभर रुपये वेगळे टाकतायत.

मैत्रिणींनो, तुमच्या गटातली एखादी बाई शिलाई मशीन, गिरणी, फ्रीज असं काही जुनं घ्यायला निघाली असेल, तर पुढच्या बैठकीत तिला विचारा: पैसे कुठल्या कामाचे मिळणार, ती वस्तू आपल्याकडच्या वस्तूला जुळते का, आणि विकत घेण्याआधी कोण तपासणार? उत्तरं वहीत लिहून ठेवा. आम्ही ती पहिल्या वेळी लिहिली नव्हती.